वास्तुविचार आणि त्याची निकड

वास्तुविचार हा शब्द उच्चारताच पुष्कळांच्या मनात दाराची दिशा आणि पायाभरणीचा मुहूर्त एवढेच येते. आम्हांस येथे अभिप्रेत असलेला विचार तो नव्हे. भिंत अमुक जाडीची का, छप्पर इतके जड का, अंगण कोणासाठी, या प्रश्नांची सकारण उत्तरे शोधणे म्हणजे वास्तुविचार होय.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने आपल्या दहा खंडांच्या ग्रंथात इमारतीच्या अंगी मजबुती, सोय व सौंदर्य हे तीन गुण असावेत असे सांगितले. आपल्याकडेही मयमत, मानसार आणि भोजराजाच्या नावावरील समराङ्गणसूत्रधार अशी ग्रंथपरंपरा आहेच. हे तिन्ही गुण एकत्र कसे नांदतात, हे पाहावयाचे असेल तर नळदुर्गास जावे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दीत, सतराव्या शतकाच्या आरंभी, बोरी नदीवर घातलेल्या बंधाऱ्याच्या पोटातच तेथील पाणीमहाल आहे. बंधारा पाणी अडवितो. आणि भर पावसाळ्यात झरोक्यांपुढून धारा कोसळत असता आत बसणारा कोरडा राहतो. तेथील शोभा वरून चिकटविलेली नाही. ती उपयोगातूनच निघाली आहे.

परंतु शास्त्राची खरी निकड महालावरून पटत नाही, सामान्यांच्या घरावरून पटते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जन आटोपून लोक निजले असता, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. लातूरकडील किल्लारी आणि धाराशिवकडील सास्तूर यांसारखी गावे क्षणार्धात ढिगारे झाली. हजारो माणसे आपल्याच घरांखाली दबून मेली. ही घरे दुबळी दिसत नव्हती. भिंती दोन-दोन फूट आणि त्याहूनही रुंद. पण त्या दगडांच्या दोन पदरांच्या, मधे माती व बारीक दगड भरलेल्या, आणि दोन्ही पदरांस बांधून ठेवणारा आरपार दगड क्वचितच. वर माळवद : लाकडी फळ्यांवर मातीचा जाड थर. हा थर उन्हाळ्यात घर थंड राखी. गळू लागले की त्यावर आणखी माती पडे. थंडाव्याचे कारण सर्वांस ठाऊक होते. वाढत्या ओझ्याचा हिशेब कोणी मांडला नाही.

मग दोष कोणाचा? पूर्वजांस बोल लावणे आम्हांस अन्यायाचे वाटते. सरकारी भूकंप-नकाशातही त्या वेळी हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. दोष आहे तो रीत पुढच्या पिढीच्या हाती देऊन तिचे कारण न देण्याचा. कारण हरवलेली रीत जोवर परिस्थिती बदलत नाही तोवर ज्ञानासारखीच दिसते.

यानंतर अनेक गावे नव्या जागी वसली. रुंद, सरळ रस्ते; एकसारख्या घरांच्या रांगा. मजबुतीचा प्रश्न या वेळी विचारला गेला, आणि ते योग्यच झाले. पण जनावरे कोठे बांधावी, धान्य कोठे ठेवावे, उन्हाच्या वेळी म्हातारीने कोठे बसावे, भाऊबंदांची दारे समोरासमोर असावीत की नाही, हे प्रश्न पुष्कळदा मागे राहिले. लोकांनी मग आपल्या बुद्धीने पडव्या व खोल्या जोडल्या. आणि कधी कधी त्या पुन्हा जुन्याच पद्धतीने रचलेल्या दगडांच्या! जुन्या घराने सोय सांभाळली, मजबुती गमावली. नव्याने मजबुती मिळविली, सोय गमावली. चूक एकच : तिहींपैकी एकाच गुणाची विचारपूस.

कोणी म्हणेल, हे सारे स्थपतींनी पाहावे. आम्हां गृहस्थांस त्याचे काय? आमचे उत्तर असे की, घर बांधणाऱ्यामागे उरते. ज्याचा निर्णयाशी काडीचा संबंध नाही असे पोर उद्या त्या छपराखाली निजणार असते. म्हणून बांधण्यापूर्वी कारण विचारणे ही केवळ जिज्ञासा नव्हे. ते कर्तव्य आहे.

याच जिल्ह्यातील तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची मस्तके ठोकून पक्के कोण व कच्चे कोण हे पाहिले, अशी कथा आहे. मडके पाणी भरण्यापूर्वी पारखावे, हे कुंभार जाणतो. आपण आपले घर, त्यात मुलेबाळे निजविण्यापूर्वी, तसे एकदा तरी ठोकून पाहतो काय?