टेक झाल्यावरचे कागद

चेंबूरला शीव-ट्रॉम्बे रस्त्यावर जिथे आर. के. स्टुडिओ होता, तिथे आता राहत्या इमारती आहेत. 2017च्या आगीत तिथल्या चित्रपटांचे जुने पोशाख जळाले, तेव्हा सगळे हळहळले. त्या चित्रपटांच्या वाद्यमेळाच्या कागदांची चौकशी फारशी कुणी केली नाही. शंकर-जयकिशनच्या चालींवर सेबास्टियन डिसूझा वाद्यांची मांडणी स्टाफ नोटेशनमध्ये लिहीत. ताडदेव-महालक्ष्मीच्या स्टुडिओंत गोव्याचे व्हायोलिनवादक ती पाहताक्षणी वाजवत. ही विद्या त्यांना लहानपणी गावच्या चर्चच्या शाळेत मिळालेली. प्रत्येकापुढे त्याच्यापुरता कागद. टेक ओके झाला की कागदाचं काम संपलं. अशा कागदांपैकी बहुतेक रद्दीत गेले.

हायडन-मोत्झार्टच्या व्हिएन्नातही वादकापुढे असाच सुटा कागद असे. सिंफनी छापली जाई तीसुद्धा एकेका वाद्याच्या सुट्या पानांत. मेळ पहिला व्हायोलिनवादक सांभाळी. सगळी वाद्यं एका पानावर मांडण्याचा खर्च कोण करणार? मग तिथले कागद टिकले कसे? संगीत थोर होतं म्हणून, हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. गिऱ्हाईक होतं, हे खरं कारण. संध्याकाळी घरी चौघं जमून व्हायोलिन-चेलो वाजवणाऱ्या हौशी मंडळींना सतत नवं काहीतरी हवं असे.

हायडनच्या 1761च्या करारानुसार त्याच्या रचनांवर एस्टरहाझी दरबाराचा हक्क होता; बाहेर नक्कल द्यायलाही बंदी. 1779च्या नव्या करारात ती अट गेली आणि लवकरच व्हिएन्नाच्या आर्तारिया या प्रकाशकाकडे त्याच्या रचना छापल्या जाऊ लागल्या. सुरावट धातूच्या पत्र्यावर कोरलेली असे. पत्रा जपून ठेवला की मागणी येईल तशा प्रती काढता येत. हायडनचं नाव इतकं खपायचं की, अभ्यासक आता ज्या होफस्टेटर नावाच्या एका मठवासी संगीतकाराच्या मानतात, त्या सहा रचना पॅरिसमध्ये हायडनच्या म्हणून विकल्या गेल्या. लबाडीच ती, पण तिच्यामुळे होफस्टेटर उरला!

मुंबईत विकायचा माल होता तबकडी. रसिकाला गाण्याच्या चोपडीतले शब्द पुरत; घरी बसून दुसऱ्या व्हायोलिनची ओळ वाजवणारं कोण होतं? निर्मात्यांना सरसकट बेफिकीर म्हणणं म्हणूनच मला अर्धवट वाटतं. ज्याला बाजार नाही, ते जपायला संस्था लागते, आणि तशी संस्था आपण वेळेवर उभी केली नाही. वादकांची नावंही तबकडीवर क्वचितच आली.

मोत्झार्टने 1788च्या उन्हाळ्यात लिहिलेली चाळिसावी सिंफनी त्याच्या मृत्यूनंतर, 1794मध्ये, सुट्या पानांत छापली गेली. तिच्या सुरुवातीच्या सुरावटीवरून सलील चौधरींनी ‘छाया’साठी (1961) तलत आणि लताचं ‘इतना ना मुझसे तू प्यार बढा’ बांधलं. आज ती सिंफनी वाजवायची तर नोटेशन विकत मिळतं. हे गाणं मंचावर बसवणारा अरेंजर मात्र हेडफोन लावून एकेक वाद्य कानाने उतरवतो.