स्वतःच्या वेळेची मालकीण

गायिका केट बुशने मैफलींचे दौरे थांबवले तेव्हा ती वीस वर्षांची होती. १९७९ च्या एप्रिल-मे महिन्यांत ब्रिटनमध्ये आणि युरोपात तिचे कार्यक्रम झाले. त्यानंतर पूर्ण लांबीचा प्रयोग घेऊन ती रंगमंचावर आली ती थेट २०१४ साली. मधली पस्तीस वर्षं इंग्रजी वर्तमानपत्रं तिला एकांतवासी, विक्षिप्त म्हणत राहिली. हे मला साफ अमान्य आहे. ती कुठेही पळाली नव्हती, काम करत होती.

एकुलत्या एका दौऱ्यातही तिचा स्वभाव दिसतो. तिला नाचता नाचता गायचं होतं आणि हातात मायक्रोफोन नको होता. तेव्हा ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याने कपडे अडकवायच्या हँगरची तार वाकवून तिच्या डोक्यावर बसेल असा मायक्रोफोन करून दिला. याच दौऱ्याच्या सुरुवातीला प्रकाशयोजना पाहणारा बिल डफील्ड हा तरुण पडून दगावला. तिच्या माघारीचं कारण अनेक जण या अपघातात शोधतात. मला मात्र त्यानंतर तिने जे उभं केलं, ते जास्त बोलकं वाटतं.

दौऱ्याच्या आधीही, १९७८ साली 'वदरिंग हाइट्स' हे गाणं आधी बाजारात आणावं म्हणून ती ध्वनिमुद्रण कंपनीशी अडून बसली होती. गाणं चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. स्वतः लिहिलेल्या गाण्यावर ब्रिटनमध्ये तो मान मिळवणारी ती पहिली गायिका. १९८२ चा 'द ड्रीमिंग' हा अल्बम तिने एकटीने निर्मित केला, पण तो आधीच्यांइतका खपला नाही. भाड्याच्या स्टुडिओत तासाचा मीटर पडत असतो. प्रयोग फसला की पैसे गेलेच. म्हणून तिने आईवडिलांच्या शेतघरात स्वतःचा स्टुडिओ बांधला. फेअरलाइट नावाचं आवाज साठवून वाजवणारं संगणकी वाद्य तिच्या हाती होतंच. आता रात्री सुचलेला आवाज सकाळी पुसून पुन्हा घ्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती. १९८५ चा 'हाउंड्स ऑफ लव्ह' तिथे घडला.

कलावंताचं स्वातंत्र्य आपण नेहमी मनाच्या ताकदीशी जोडतो. तिच्याकडे ती होतीच. पण स्वातंत्र्याला जागा लागते, यंत्र लागतं आणि आपल्या बाजूचा करार लागतो. घरचा आधार आणि लवकर मिळालेलं यश हे तिचं भाग्य होतं, हेही मान्य करायला हवं. तेवढंच गुणी असूनही दर महिन्याच्या भाड्यापायी कार्यक्रमामागून कार्यक्रम करत राहिलेले गायक कमी नाहीत.

वेळ हाती असला म्हणजे काम उत्तमच होतं, असंही नाही. १९९३ चा 'द रेड शूज' मला गर्दी झाल्यासारखा वाटतो. खुद्द तिनेही २०११ मध्ये त्यातली काही गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. त्यानंतरचा 'एरियल' यायला बारा वर्षं लागली. दरम्यान तिला मुलगा झाला होता. त्या अल्बममध्ये या मुलावर गाणं आहे, कपडे धुण्याच्या मशीनवर आहे, आणि एका गाण्यात ती 'पाय' या गणिती संख्येचे आकडे एकामागून एक गाते. घरातल्या दिवसांना इतक्या गंभीरपणे घेणारं रॉक संगीत मी फार कमी ऐकलं आहे.

२०२२ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेमुळे 'रनिंग अप दॅट हिल' हे तिचं १९८५ चं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं. पहिल्यांदा आलं तेव्हा ते तिसऱ्या क्रमांकावर थांबलं होतं. या ध्वनिमुद्रणाची मालकी तिची स्वतःची होती.

नव्या श्रोत्यांनी त्या एकाच गाण्यावर थांबू नये. 'हाउंड्स ऑफ लव्ह'च्या दुसऱ्या बाजूला रात्रभर समुद्रात एकटी तरंगणाऱ्या बाईची सलग गोष्ट आहे. ती मधे न थांबता, शेवटपर्यंत ऐका.