तापण्याचा दोष

चार्जिंगला लावलेला लॅपटॉप हाताला चटका देऊ लागला की आपण बिघाड शोधतो. पंख्यात धूळ अडकली असेल, चार्जर भलताच असेल, बॅटरी जुनी झाली असेल. पण धूळ झाडली, चार्जर बदलला, नवी बॅटरी बसवली तरी थोडी ऊब राहतेच. बॅटरीत शिरणाऱ्या विजेला आतून विरोध होतो आणि त्या विरोधाची उष्णता बनते. त्याच वेळी कोणी काम करत असेल, तर १५ वॅट खाणारा प्रोसेसर जवळजवळ तितकीच उष्णता बाहेर टाकतो, तीही त्याच चपट्या पेटीत, बॅटरीच्या शेजारी. धडधाकट लॅपटॉपही तापतोच. मग या तापण्याला दोष म्हणायचं का, आणि म्हटलं तर तो कोणाचा?

गीतेच्या अठराव्या अध्यायात हा प्रश्न दोनदा येतो. तिसऱ्या श्लोकात एका पक्षाचं मत नोंदवलं आहे: कर्म मुळातच दोषयुक्त, म्हणून टाकावं. अठ्ठेचाळिसाव्यात उत्तर आहे: आग धुराने वेढलेली असते तशी सगळीच कामं दोषाने वेढलेली असतात, तेवढ्यासाठी सहज कर्म सोडू नये. या उत्तराचा पहिला भाग मला पूर्ण पटतो, दुसऱ्यापाशी अडखळायला होतं. दोष अटळ आहे यावरून तो किती असावा हे ठरत नाही. माणसाची जबाबदारी सुरू होते ती या ‘किती’पासून.

बॅटरी इथे चांगला पुरावा देते, कारण तिचा दोष मोजता येतो. जूलच्या नियमानुसार ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह निम्मा केला की दर क्षणाची उष्णता चौथाईवर येते. चार्ज व्हायला दुप्पट वेळ लागतो हे धरलं तरी एकूण उष्णता निम्मीच. प्रवाह आणखी घटवत गेलं तर ती आणखी घटेल, पण शून्यावर यायला अनंत काळ थांबावं लागेल. गणनाचंही तसंच आहे. रोल्फ लँडाउअर यांनी १९६१ मध्ये दाखवलं की माहितीचा एक बिट पुसताना ठरावीक किमान उष्णता बाहेर पडतेच. चार्ल्स बेनेट यांनी १९७३ मध्ये त्यापुढे जाऊन मांडलं की काहीही न पुसता, उलट्या पावली परतता येईल अशा रीतीने गणन केलं तर तत्त्वतः ही किंमतही टळते. फक्त चाल अतिमंद हवी. आजचे प्रोसेसर लँडाउअरच्या मर्यादेच्या हजारो पट उष्णता टाकतात. ज्याला आपण यंत्राचा स्वभाव म्हणून सोडून देतो, त्यात आपल्या घाईचा वाटा बराच मोठा आहे.

उष्णता ही भौतिक घटना, तिला धर्माधर्माच्या चर्चेत कशाला ओढायचं, असं कोणी विचारेल. उष्णतेला पाप कोणीच म्हणत नाही. पण खालची जाळी बुजेल असा गादीवर ठेवलेला, चार्जिंग चालू असतानाच व्हिडिओ एडिटिंगला जुंपलेला लॅपटॉप भाजू लागतो, तेव्हा त्यात एका माणसाचं दुर्लक्ष असतं, आणि दुर्लक्ष ही नीतीचीच बाब आहे. जैन विचाराने हे फार नेमकं पकडलं आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्याच प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, धरून केली आहे. संकल्पी हिंसा, म्हणजे ठरवून केलेली, गृहस्थाने पूर्ण सोडायची. रांधण्या-झाडण्यात होणारी आरंभी हिंसा त्याला टळत नाही. त्यासाठी त्याला चूल विझवायला कोणी सांगत नाही, पाणी गाळून घ्यायला सांगतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सगळ्याच कामात दोष असतो, हे आजवर कोणी कोणाला ऐकवलं? गीतेच्या त्या श्लोकातलं सहज कर्म परंपरेने जन्माने वाट्याला आलेलं काम असं वाचलं, आणि घाण उपसण्याचं काम ज्यांच्यावर लादलं त्यांनाही ते दोषासकट करत राहण्याचा उपदेश झाला. ‘प्रमाण कमी करा’ एवढं म्हणून या आक्षेपातून सुटका नाही. दोष कोणाच्या अंगावर पडतो, हेही विचारावं लागतं. लॅपटॉपखालचा कूलिंग पॅड उष्णता संपवत नाही. ती खोलीत ढकलतो आणि वर स्वतःच्या मोटरची थोडी भर घालतो. खोलीतला एसी तीच उष्णता भिंतीपलीकडे सोडतो. लिथियम-आयन बॅटरी चार्ज करताना तिचं तापमान साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये असं मानतात. चंद्रपुरात मे महिन्यात बाहेरची हवाच तिथवर पोहोचते, आणि त्या हवेत एसीच्या झोतासमोर उभं राहणारा कोणी वेगळाच असतो.

म्हणून उष्णता दुसरीकडे ढकलणारे उपाय आणि ती मुळात कमी करणारे उपाय मी एका मापाने मोजणार नाही. जड काम चार्जिंग झाल्यावर करणं, घाई नसेल तेव्हा जलद चार्जिंग बंद ठेवणं, यांनी उष्णता कुणाच्याच दारात जात नाही, ती तेवढी निर्माणच होत नाही. फुगलेल्या बॅटरीला मात्र यातलं काहीच लागू नाही. तिथे आगीभोवतीच्या धुराचा दाखला देणं हा शुद्ध आळस आहे. चार्जर काढायचा, लॅपटॉप बंद करायचा आणि ती बॅटरी जाणकाराकडून बदलून घ्यायची.