सशाचे गवत

माझ्या धाकट्या भावाने मुलांच्या आग्रहाखातर ससा पाळला आहे. त्याच्यासाठी अमेरिकेतील शेतांवर पिकविलेले 'टिमोथी' नावाचे वाळलेले गवत पिशवीतून येते. (हे नाव संत पौलाच्या शिष्यावरून पडले असावे असा माझा समज होता, प्रत्यक्षात ते १८व्या शतकात या गवताचा प्रसार करणाऱ्या टिमोथी हॅन्सन या शेतकऱ्याचे आहे.) आधीच्या पिशवीतील गवत मऊ, हिरवेगार होते. नंतरचे निघाले पिवळसर, जाड काड्यांचे, तुरे असलेले. फसवणूक झाली, असा घरात एकच सूर उमटला.

फसवणूक झाली नव्हती. या गवताची पहिली कापणी तुरा धरल्यावर होते. तिच्यात काडी अधिक आणि चोथाही अधिक. पुन्हा फुटलेल्या गवताची दुसरी कापणी पानांची व मऊ असते. जमीन, त्या वर्षीचा पाऊस, कापणीला झालेला चार दिवसांचा उशीर, सारे काही गवतात उतरते. कापल्यावर ते उन्हात वाळवावे लागते आणि ऊन त्याचा हिरवेपणा नेते. ओल राहून गाठी बांधल्या तर त्या आतून तापतात, कधी पेटही घेतात. सशाचे दात तर जन्मभर वाढत राहतात. ते झिजण्यासाठी आणि आतडी चालती राहण्यासाठी त्याला चोथाच हवा. हिरवा रंग आम्हांला हवा होता.

सृष्टीत एवढी विविधता का, हा प्रश्न संत थॉमस अक्वायनस यांनी १३व्या शतकात आपल्या 'सुम्मा' ग्रंथात घेतला आहे. परमेश्वराचे चांगुलपण एकाच निर्मितीतून पुरते प्रकट होणे शक्य नव्हते, म्हणून त्याने अनेक व भिन्न वस्तू घडविल्या, असा त्यांच्या उत्तराचा आशय. पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात तोच विचार पुन्हा मांडला. संत थॉमस भिन्न प्रकारच्या वस्तूंविषयी बोलत होते, एका शेतातील दोन गाठींविषयी नव्हे, हे मान्य. तरीही कारखान्यातील बिस्किटांवर पोसलेली आपली नजर शेताकडूनही साच्यातला माल मागते, याने मी अस्वस्थ होतो. (मुलांच्या गुणपत्रिका पाहताना हीच नजर असते, पण तो विषय वेगळा.)

येथवर सारे सोपे होते. पुढच्या पिशवीला मात्र कुबट वास आला आणि काड्यांवर करडी बुरशी दिसली. दुकानदार म्हणाला, "नैसर्गिक माल आहे, थोडाफार फरक पडणारच." मुलांना समजावताना मी हेच शब्द वापरले होते. माझ्या तोंडी ते खरे होते, त्याच्या तोंडी ती पळवाट होती. ऊन, पाऊस आणि माती यांनी केलेला बदल कोणाच्या हाती नसतो. ओले गवत बांधणे किंवा दमट जागी ठेवणे कोणाच्या तरी हातून घडते. त्या हलगर्जीपणाला निसर्ग म्हणणे म्हणजे आपल्या चुकीचे खापर निर्मात्यावर फोडणे. आणि आमच्या चोखंदळपणाने चांगले गवत फेकले जावो वा भिडेपोटी वाईट स्वीकारले जावो, भोगणार तो ससाच. त्याला तक्रारही करता येत नाही.

थोडी हुज्जत घालून पिशवी परत केली. नवी आली, तिच्यातही निम्म्या काड्या पिवळ्याच होत्या. पुतण्या आता रंग पाहत नाही. मूठभर गवत नाकाशी नेऊन हुंगतो आणि मग पिंजऱ्यात घालतो.