नऊवारी कुणी नेसवायची?

तोरण्याच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात वैशाखातलं लग्न ठरलं आणि घरात वाद सुरू झाला. पुण्यात नोकरी करणाऱ्या भाचीची फ्रेंच सहकारी लग्नाला येणार होती. हळदीला तिला नऊवारी नेसायची होती. आत्या एका पायावर तयार, विरोध होता तो भाचीचाच.

"हौस आहे पोरीला, नेसू दे की," आत्या म्हणाली.

"हौस आहे म्हणूनच नको वाटतं. तिच्यासाठी तो एका दिवसाचा फोटो. तू पुण्याला आलीस तेव्हा हॉटेलातल्या माणसानं तुझ्या लुगड्याकडं कसं बघितलं, आठवतंय ना? तेच लुगडं तिच्या अंगावर असलं की सगळे कौतुक करतील."

हा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. भोर-वेल्ह्याच्या भातखाचरांत लावणीच्या दिवसांत म्हाताऱ्या बाया आजही लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात वाकलेल्या दिसतात. कमरेला गाठ मारायची, पुढं निऱ्या घालायच्या, काष्टा पायांमधून मागं नेऊन घट्ट खोचायचा. मग दिवसभर चिखल तुडवला तरी कापड पायांत येत नाही. कष्टाच्या या पेहरावाला शहरानं गावंढळ ठरवलं आणि पुढं शिवलेली, नाडी ओढून चढवायची नऊवारी करून तोच पेहराव लग्नाच्या अल्बमात आणला.

आत्यानं नेमकं तेच धरलं. "तो हॉटेलातला माणूस फ्रान्सचा होता का गं?"

भाची क्षणभर गप्प झाली, पण हटली नाही. "ते खरं. पण आपण त्यांचे कपडे घातले ते पोटासाठी, साहेबासमोर उभं राहता यावं म्हणून. ते आपले घालतात मजा म्हणून. दोन्ही सारखं कसं?"

सारखं नाहीच. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकी शिकायला अमेरिकेला गेल्या. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिथली थंडी सोसत नाही, म्हणून त्या गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. साडी मात्र सोडली नाही. परक्या मुलखात त्यासाठी धीर लागत होता. पण उलट्या दिशेनंही किंमत मोजलेल्या बाया आहेत. ब्रिटिश आरमारातल्या अ‍ॅडमिरलची मुलगी मॅडलिन स्लेड १९२५ मध्ये गांधीजींकडे आली, मीराबेन झाली, खादी नेसू लागली. १९४२ मध्ये तिच्याच देशाच्या सरकारनं तिला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध केलं. अमेरिकेतून एलिझाबेथ लुंडी आल्या, लग्नानंतर कमला निंबकर झाल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं. त्यांच्या साडीला कुणी वेषांतर म्हणणार नाही.

"त्या इथं राहिल्या, आत्या. ही चार दिवसांची पाहुणी आहे."

"पाहुणीला लुगडं देत नाहीत का?"

आत्याचं उत्तर या मुलखाच्या रीतीतलं आहे. मुळशी, मावळ, भोर, वेल्ह्याच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉत्व्हँ या दोघांनी गोळा करायला घेतल्या. पुढं महाराष्ट्रभरातून त्या संग्रहात लाखाहून जास्त ओव्या जमल्या. त्यांतलं चोळी-लुगडं बहुतेकदा भावाच्या हातून, माहेरातून येतं. दिलेलं कापड नेसणारीचं होतं. पाहुणीनं नेसावं की नाही, याची परवानगी अख्ख्या देशाकडं मागायची नसते, ती ज्या घरात ती आली त्या घरानं द्यायची असते. मला हे पटतं. शिवलेली नऊवारी भाड्यानं आणून फोटो काढणं वेगळं आणि घरच्या बाईनं समोर उभं करून नेसवणं वेगळं.

भाचीचा खरा राग मात्र नंतर बाहेर आला. "तिला नेसवतील, मिरवतील. आणि तू? काका गेल्यापासून हळदीला तू मागच्या पडवीत बसतेस. तुला ओटी नाही, कुंकू नाही. परकीला आत घेणारी रीत तुला बाहेर ठेवते, ते चालतं तुला?"

आत्या बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तिला लुगडं मीच नेसवीन. हळदही मीच लावीन. कुणाला सांगायचं ते तू सांग."

वाद तिथं मिटला. पाहुणीच्या नऊवारीला भाचीची आता हरकत नव्हती, फक्त ती आत्याच्या हातची असावी एवढीच तिची अट होती. आत्याला पडवीत बसवणारी ही रीत मोडता येते: कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचा कित्ता गिरवायला सांगितलं. भोर-वेल्ह्याच्या ज्या गावांनी हा ठराव अजून घेतलेला नाही, त्यांनी येत्या लग्नसराईच्या आधी तो ग्रामसभेपुढं आणावा आणि मांडवात पाळावा.