ओवरी कोणाची?

वेरूळच्या अकराव्या लेण्याला 'दोन ताल' म्हणतात, पण ते तिमजली आहे. सर्वांत खालचा मजला गाळामातीत इतका बुजला होता की १८७६ साली तो मोकळा होईपर्यंत सगळ्यांनी दोनच मजले मोजले. तिसरा सापडल्यावरही नाव तेच राहिले. छत्रपती संभाजीनगरच्या परिसराला जमिनीखालच्या निवाऱ्यांची अशी जुनी सवय आहे. पाणचक्कीत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात हौदाखाली जाडजूड खांबांवर तोललेले दालन आहे. दालनाचे छत म्हणजेच हौदाचा तळ, त्यामुळे ऐन मे महिन्यातही तिथे गारवा टिकतो. आज ज्यांच्या घराखाली तळघर आहे, त्यांतले काही हौशी लोक त्यातली अडगळ हलवून झोपायची खोली करायला घेतात. आधी ओल कुठून येते ते शोधायचे, भिंतींना वॉटरप्रूफिंग करायचे, मग पुट्टी, फरशी, वारा खेळायला एक्झॉस्ट पंखा. मजुरी वाचते हे निमित्त. खरा आनंद शेवटी म्हणायच्या वाक्यात असतो: ही खोली मी केली. त्याला लागूनच दुसरे वाक्य येते: ही माझी. या दोन वाक्यांच्या मध्ये एक 'म्हणून' गुपचूप बसलेला असतो. तो तिथे बसायच्या लायकीचा आहे का, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे आणि धर्माचाही. माझ्या मते खोली करण्यातून तिच्यात राहण्याचा हक्क मिळतो, तोही मुदतीचा. मालकी त्यातून निघत नाही.

झोपायच्या खोलीचा इतका बारीक विचार बौद्ध विनयाने, म्हणजे भिक्षूंच्या नियमसंहितेने, केला आहे की वाचताना एखाद्या गृहनिर्माण सोसायटीचे इतिवृत्त वाचल्यासारखे वाटते. त्यातली धनियाची गोष्ट प्रसिद्ध आहे. हा कुंभाराचा मुलगा, राजगृहाजवळ डोंगरउतारावर गवताची झोपडी बांधून राहिलेला भिक्षू. तो भिक्षेला गेला की गवत-लाकूड गोळा करणाऱ्या बाया ती मोडून न्यायच्या. असे तीनदा झाले. मग त्याने घरचा धंदा आठवला, सगळी कुटीच मातीची घडवली आणि शेणी-लाकडे रचून ती भाजून काढली. मृगाच्या किड्यासारखी लालबुंद कुटी झाली, टिचकी मारली की घंटेसारखी वाजायची. बुद्धांनी ती फोडायला सांगितली. कारण दिले ते मातीतल्या जीवजंतूंचे. स्वतःच्या कसबाची इतकी देखणी वस्तू फुटताना पाहून धनियाने हरकत घेतली. हुकूम कोणाचा हे कळल्यावर तो म्हणाला, मग फोडा. पुढे त्याने लाकडाची कुटी करायला राजाचे राखीव लाकूड परस्पर उचलले आणि त्यातून चोरीविषयीचा कडक नियम निघाला, ही कथेची दुसरी बाजू. हाताला लागलेली बांधकामाची चटक किती लवकर दुसऱ्याच्या वखारीपर्यंत पोचते, हे विनयकारांनी चांगले ओळखले होते. आळवीच्या भिक्षूंनी तर कुटीसाठी लोकांकडे बैल मागा, कुऱ्हाडी मागा, मजूर मागा असा सपाटा लावला की भिक्षू दिसला की लोक आडरस्त्याने जाऊ लागले. लांबून गाय दिसली तरी भिक्षू समजून पळू लागले. त्यावर नियम झाला: दाता नसताना भिक्षूने स्वतःसाठी साहित्य मागून कुटी बांधायची तर ती बारा वितींहून लांब आणि सात वितींहून रुंद नको, जागाही आधी इतर भिक्षूंकडून ठरवून घ्यायची.

माझ्या मुद्द्याला सर्वांत उपयोगी कथा मात्र वैशालीच्या एका गरीब शिंप्याची आहे. त्याला संघासाठी स्वतःच्या हाताने विहार बांधायचा होता. त्याने चिखल मळला, विटा रचल्या, भिंत उभी केली. ओळंबा कधी हाती धरलेला नसल्याने भिंत वाकडी आली आणि पडली. दुसऱ्यांदा पडली, तिसऱ्यांदाही पडली. तो चिडून म्हणू लागला की, दानधर्म करणाऱ्या बड्यांना हे भिक्षू मार्गदर्शन करतात, गरिबाला कोणी काही सांगत नाही. तक्रार खरी होती. म्हणून बांधकामावर देखरेख करणारा भिक्षू नेमण्याची पद्धत सुरू झाली. या कामाला 'नवकम्म' म्हणत. मग ओघाने प्रश्न आला की ज्याने राबून खोली उभी करवली त्याला काय मिळावे? विनयाचे उत्तर आकड्यांत आहे. लहान विहार असेल तर काम पाहून पाच-सहा वर्षांसाठी, मोठा असेल तर दहा-बारा वर्षांसाठी त्याला हे नवकम्म द्यावे; आयुष्यभरासाठी देऊ नये. नुसता चिखलाचा गोळा लिंपून खोलीवर हक्क सांगणाऱ्यांना तर ते मुळीच देऊ नये. आणि ज्याला दिले त्यानेही उत्तम शय्या पावसाळ्याचे तीन महिने धरावी, एरवी इतरांना अडवू नये. श्रमाला शून्य किंमत नाही, आणि श्रमाने खोली कायमची बांधलीही जात नाही. इतका तोललेला निवाडा मला आजवरच्या मालकीच्या चर्चांत क्वचितच दिसला आहे.

याविरुद्धचा सर्वांत वजनदार युक्तिवाद जॉन लॉकचा. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्याने मांडले की माणसाचे शरीर त्याचे स्वतःचे, म्हणून त्याच्या हातांचे श्रमही त्याचे. निसर्गातल्या वस्तूत ते मिसळले की वस्तू त्याची होते. ऐकायला हे चोख वाटते. पण आपण ते स्वतःच मानत नाही. तळघराची फरशी ज्या गवंड्याने बसवली त्याचा घाम त्या खोलीत घरमालकाच्या घामापेक्षा जास्त मुरलेला असतो, तरी मजुरी चुकती झाली की त्याचा संबंध संपतो. मालकी ठरते ती खरेदीखताने आणि वारशाने. हौशी माणूस स्वतः पुट्टी फासतो तेव्हा त्याची मालकी तसूभरही वाढत नाही. वाढते ती ममता. मालकी आणि ममता या एकाच वस्तू समजण्याची चूक इथे होते.

लेण्यांनी तर लॉकची अडचण आणखी वाढवली आहे. कोरलेल्या खोलीत श्रम मिसळत नाहीत, ते बाहेर पडतात. छिन्नीने जे काम केले ते सगळे दगडाच्या चिपांच्या रूपाने दरीत टाकले गेले; मागे उरली ती पोकळी. भिक्षूला माती खणण्याची मनाई होती आणि अखंड खडक विनयाच्या व्याख्येत माती ठरत नाही, हेही इथे गमतीने नोंदवावेसे वाटते. वेदान्त्यांना अशा पोकळीसाठी शब्द आहेत: घटाकाश, मठाकाश. मठ बांधला म्हणून आतले आकाश वेगळे झाले नाही, भिंतींनी फक्त भासवले. आता यावर कोणी म्हणेल की मग विहीर खोदणाऱ्याचाही हक्क नाही का? आहे, पाणी पिण्याचा पहिला हक्क त्याचाच. पण विहीर खोदली म्हणून पाण्याचा झरा त्याने निर्माण केला असे होत नाही. राष्ट्रकूट कर्काच्या बडोदे ताम्रपटात, नवव्या शतकाच्या आरंभी, कृष्णराजाने करवलेल्या देवालयाचे वर्णन आहे. ते वेरूळचे कैलास असे बहुतेक अभ्यासक मानतात. तिथे म्हटले आहे की ते पुरे झाल्यावर शिल्पकार स्वतःच चकित झाला, आपल्या हातून हे कसे घडले ते त्याला कळेना. प्रशस्तीत अतिशयोक्ती असतेच. तरी कर्त्याला कृतीपुढे परके वाटणे हा अनुभव प्रशस्तिकाराला प्रशंसेचा वाटला, ही गोष्ट लक्षात घ्यावी.

खरी बोचरी हरकत वेगळीच आहे. लेणी भिक्षूंनी कोरली नाहीत. ती मजुरीवरच्या पाथरवटांनी कोरली आणि पैसा दुसऱ्यांनी दिला. अजिंठ्याच्या बाराव्या लेण्यात तीन बाजूंना बारा खोल्या आहेत, आत झोपायला दगडी ओटे आहेत, आणि घनामदड नावाच्या व्यापाऱ्याने दान दिल्याचा लेख आहे. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप राजा नहपानाची मुलगी, उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने खोली दिल्याचे कोरले आहे. लेखातला शब्द 'ओवरको'. आपल्या देवळांतली ओवरी तीच. दात्याचे नाव राहिले, ओटा घासून गुळगुळीत करणाऱ्याचे नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळून १३३८ साली चोखोबा गाडले गेले अशी परंपरा आहे. ज्या वेशीची ती भिंत, तिच्या आत राहण्याचा अधिकार त्यांच्या जातीला नव्हता. तेव्हा 'करणाऱ्याने मालकी सांगू नये' हे तत्त्वज्ञान ज्यांना कधीच काही मिळाले नाही त्यांच्यापुढे मांडणे म्हणजे निर्लज्जपणा नव्हे काय?

हरकत मान्य करूनच उत्तर द्यावे लागते. छत्रपती संभाजीनगरातच, औरंगाबाद लेण्यांच्या डोंगराखाली, बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय सुरू केले. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात त्यांनी भिक्षूच्या आठ वस्तूंची यादी मुद्दाम दिली: तीन चीवरे, कंबरपट्टा, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, पाणी गाळायचे फडके. पण हा नियम स्वेच्छेने पत्करलेल्यांसाठी आहे. तो लादायचा नाही, हाच त्यांचा मुद्दा. गृहस्थाने घाम गाळून, बाहुबलाने मिळवलेल्या संपत्तीचे सुख बुद्धांनी अनाथपिंडिक या गृहस्थ शिष्यापाशी मोकळेपणाने मान्य केले आहे. म्हणून त्यागाचा उपदेश चोखोबांना करता येत नाही. उलट विनयाचा निवाडा त्यांच्याच बाजूने उभा राहतो: जो बांधतो त्याला आत झोपण्याचा पहिला मान. गावकुसाच्या आतल्यांनी नेमका तोच नाकारला होता. मुदत संपणे हा नंतरचा प्रश्न, आधी मुदत सुरू तरी झाली पाहिजे.

माझी नसेल तर मी जीव ओतून का करू, असे विचारणाऱ्याला अजिंठ्याचे ओटे दाखवावेत. ज्याला त्यावर एक रात्रही निजायचे नव्हते त्याने ते घडवले, आणि दोन हजार वर्षांनीही त्यांवर पाठ टेकता येते. तेव्हा तळघरातली खोली करायला घेतली असेल तर अवश्य पुरी करा, तिच्यात पहिली रात्र तुम्हीच झोपा. फक्त भिंत बंद करण्याआधी वायरी कुठून गेल्या, पाण्याचा पाइप कुठे वळला आणि ओल कोणत्या कोपऱ्यातून येत होती त्याचा नकाशा एका कागदावर काढा, खाली तारीख घाला, आणि तो मीटरच्या पेटीत ठेवून द्या. पुढच्याला लागेल.