हुकूम कोणाचा?

डाकारमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाच्या फाटकाशी लाल गणवेशातला पहारेकरी ताठ उभा असतो. त्याच्या पलटणीला ‘लाल गार्ड’ म्हणतात. १८४०च्या दशकात फ्रेंचांनी अल्जीरियातून सेनेगलात आणलेल्या ‘स्पाही’ घोडदळाशी ती आपले नाते सांगते. ‘स्पाही’ आणि आपला ‘शिपाई’ ही एकाच फारसी शब्दाची रूपे. हा शिपाई मात्र जांदार्म आहे, म्हणजे सेनेगलच्या राष्ट्रीय जांदार्मरीचा माणूस. शिस्त सैनिकाची, काम बहुतांशी पोलिसाचे.

पोलीस गृहखात्याचे आणि सैन्य संरक्षण खात्याचे, ही वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की असे दल चटकन समजत नाही. सेनेगलात शहरांचा बंदोबस्त मुख्यतः पोलीस पाहतात. खेडी आणि हमरस्ते जांदार्मरीकडे. दल सशस्त्र दलांच्या मंत्रालयाखाली येते, पण गुन्ह्याचा तपास करताना जांदार्म सरकारी वकिलाला बांधलेला असतो आणि दंगल आवरायला मुलकी अधिकाऱ्याने बोलावल्यावर जातो. दंगलीसाठी फिरत्या तुकड्या वेगळ्या आहेत. दलाचा सर्वोच्च अधिकारी लष्करी न्यायखात्याचाही संचालक असतो. सर्वांत खालच्या पायरीला ‘ब्रिगेड’ म्हणतात. नाव भारदस्त, पण ते असते आडगावचे छोटे ठाणे. गुरे चोरीला गेली की धनी तिथेच धाव घेतो. जांदार्म त्याचा जबाब लिहून घेतो आणि तोच कागद पुढे न्यायालयात जातो. या दलाची खरी ताकद मला त्या कागदात दिसते. बंदूक कोणाच्याही हातात देता येते. आपण काय पाहिले, काय केले हे सहीनिशी लिहून देण्याची सक्ती फार थोड्या बंदूकधाऱ्यांवर असते.

ही सक्ती आली कुठून? फ्रेंच राज्यक्रांतीने १७८९च्या जाहीरनाम्यात मांडले की सार्वजनिक बळ सर्वांच्या हितासाठी असते, ते ज्यांच्या हाती सोपवले त्यांच्या खासगी फायद्यासाठी नव्हे. दोन वर्षांनी, १७९१मध्ये, राजाच्या जुन्या घोडेस्वार पोलीसदलाचे नाव बदलून राष्ट्रीय जांदार्मरी झाले. राजाचा माणूस कायद्याचा माणूस झाला, निदान कागदावर. हाच विचार जहाजातून सेनेगलला निघाला आणि वाटेत अर्धा गळाला. सें-लुई, गोरे, रुफिस्क आणि डाकार या चार नगरांतल्या रहिवाशांना नागरिकत्वाचे हक्क मिळाले. बाकीच्या मुलखात गोरा प्रशासक खटल्याशिवाय शिक्षा देऊ शकत होता, आणि ती सोय १९४६पर्यंत टिकली. जिथे न्यायालयच नाही तिथे जबाबाच्या कागदाला काय किंमत? वसाहतीतल्या माणसाने गणवेश पाहिला, त्याच्या मागचा कायदा त्याला दिसलाच नाही.

स्वातंत्र्य आले १९६०मध्ये, आणि काही आठवड्यांतच दल कसोटीला लागले. सेनेगल आणि फ्रेंच सुदान मिळून माली संघराज्य झाले होते. ऑगस्टमध्ये संघराज्याचे प्रमुख मोदिबो केता यांनी सेनेगली नेते मामादू जिया यांच्याकडून संरक्षण खाते काढून घेतले. जांदार्म सेनेगली नेत्यांच्या बाजूने उभे राहिले, त्यांनी डाकार ताब्यात घेतले, आणि केतांना आगगाडीत बसवून बामाकोला धाडण्यात आले.

मग १७ डिसेंबर १९६२. संघराज्य मोडले होते. जिया सेनेगलचे पंतप्रधान होते आणि अध्यक्ष सेंघोर यांच्याशी त्यांचे बिनसले होते. संसदेत अविश्वास ठराव येणार म्हणून त्यांनी जांदार्म पाठवून सभागृह रिकामे करवले. खासदार सभापती लामीन गे यांच्या घरी जमले आणि ठराव तिथेच संमत झाला. छत्रीधारी सैनिक सेंघोरांच्या बाजूला गेले. दुसऱ्या दिवशी जिया अटकेत होते. १९६३मध्ये त्यांना जन्मठेप झाली आणि १९७४पर्यंत ते कैदेत राहिले. कायदेशीर हुकूम देण्याचा अधिकार नक्की कोणाचा, याचा निवाडा त्या दिवशी कोणत्याही न्यायालयाने केला नाही. ज्याच्याकडे अधिक तुकड्या, त्याचा हुकूम चालला.

पुढे शेजारच्या देशांत लष्करी उठाव होत राहिले, सेनेगलात एकही यशस्वी झाला नाही. फ्रान्सने २००९मध्ये आपली जांदार्मरी गृहमंत्रालयाखाली नेली. डाकारने ती लष्करी मंत्रालयाखालीच ठेवली. वडिलांनी घर बदलले, मुलगा जुन्या घरात राहिला. म्हणून हुकूम कोणाचा हा प्रश्न मला सुटलेला वाटत नव्हता, आणि ५ फेब्रुवारी २०२४ने तो पुन्हा समोर आणला. अध्यक्ष माकी साल यांनी निवडणूक पुढे ढकलली होती. विरोधी खासदारांनी व्यासपीठ अडवले तेव्हा जांदार्म सभागृहात शिरले आणि त्यांना बाहेर काढले. मग १०५ विरुद्ध १ मताने निवडणूक १५ डिसेंबरवर गेली. पुन्हा तीच संसद, तोच गणवेश.

पण यावेळी कोणी तुकड्या मोजल्या नाहीत. दहा दिवसांनी देशाच्या घटना परिषदेने निवडणूक लांबवणारा तो कायदा रद्द ठरवला. सरकारने निकाल मानला. २४ मार्चला मतदान झाले, बासिरू जोमाय फाय निवडून आले, आणि २ एप्रिल २०२४ला त्यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली.